महापालिकेची युवा सल्लागार समिती: मुलांनी सांगितलेल्या गोष्टीला लेखी उत्तर कोण देणार ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम शहरातल्या महापालिकेने युवा सल्लागार समिती काढायचं ठरवलंय, कॉलेजांना पत्रं पाठवून प्रत्येकी दोन नावं मागवलीत आणि तिथल्या एका संस्थेतल्या कार्यकर्त्याला समन्वयक म्हणून बोलावलंय. तो विचारतोय की अभ्यासिका, मैदानं, समुपदेशन, आरोग्य अशा तरुणांसाठीच्या सेवा यातून खरंच सुधारतात का, की उद्घाटनाचा फोटो निघाला की संपलं, आणि नीट करायचं तर सुरुवात कुठून करायची.

मी बरीच वर्षं पुण्यात आणि आसपासच्या शहरांत वस्तीतल्या मुलामुलींचे गट बांधायचं काम करते. त्यातले काही गट महापालिकेत नेले, काही ठिकाणी कामं झाली, काही ठिकाणी निवेदनाची पोच घेऊन परत आलो. त्या अनुभवावरून सांगते की हो, सुधारतात, पण समितीत कोण बसलंय यापेक्षा समितीने सांगितलेल्या गोष्टीला लेखी उत्तर देणं कुणावर बंधनकारक आहे हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं नसेल तर कितीही हुशार मुलं घ्या, तिसऱ्या बैठकीनंतर येणं बंद होतं, आणि मग ऑफिसात म्हणतात की आजकालच्या पोरांना इंटरेस्टच नाही.

जगात याचं चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. तिथे १९९५ साली मतदारांनी मतदान करून शहराच्या सनदेतच, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ कायद्यातच, युथ कमिशन म्हणजे तरुणांचा सल्लागार आयोग घातला. १७ सदस्य, वय १२ ते २३, प्रत्येक नगरसेवक एक नाव देतो आणि उरलेली महापौर देतात, त्यातही ज्यांचा आवाज सहसा पोचत नाही अशा समाजांतली मुलं घ्यायची असं लिहिलेलं आहे. पण मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळी वाटते. मुलांवर आणि तरुणांवर मुख्यतः परिणाम करणारा कुठलाही विषय सभागृहापुढे आला की तो आधी या कमिशनकडे पाठवावा लागतो, आणि कमिशनचं म्हणणं येईपर्यंत किंवा १२ दिवस होईपर्यंत सभागृहाला त्यावर अंतिम निर्णय घेता येत नाही. म्हणजे सल्ला मानायलाच हवा असं नाही, पण तो न घेता पुढे जाता येत नाही. गरीब घरातल्या मुलांना शहराच्या बसमध्ये मोफत प्रवास मिळावा म्हणून जी मोहीम झाली त्यात हे कमिशन होतं, २०१३ मध्ये ती सवलत सुरू झाली आणि पुढे १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्याच मुलांना मिळाली. मुलांच्या हातात सभागृहातलं मत नव्हतं, पैसे नव्हते, फक्त फाइल त्यांच्याकडून जाणार एवढी तरतूद होती.

आपल्याकडे महापालिका अधिनियमात अशी तरतूद नाही. मग करायचं काय, तर जे हातात आहे ते वापरायचं. पहिली गोष्ट म्हणजे समिती आयुक्तांच्या तोंडी सूचनेवर किंवा नुसत्या परिपत्रकावर उभी करू नका, मुख्य सभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, ठराव करून घ्या. आयुक्त बदलून जातात, नवीन येणाऱ्याला आधीच्या माणसाच्या परिपत्रकाचं काही देणंघेणं नसतं, ठराव मात्र नगरसचिवांच्या दप्तरात राहतो आणि पाच वर्षांनी पण दाखवता येतो. मधली काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांमध्ये सभागृहच नव्हतं, पुणे आणि मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक होते, त्या काळात ठराव पण प्रशासकच करायचे आणि प्रशासक बदलला की विषय मागे पडायचा. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्यात, नवे नगरसेवक आलेत, त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःच्या नावावर काहीतरी नवं हवंय, तर ही वेळ ठराव मांडून घ्यायला बरी आहे.

त्या ठरावात बाकी काही नसलं तरी चालेल पण दोन वाक्यं हवीत. एक, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त सात दिवसांत संबंधित खात्यांना जाईल. दोन, प्रत्येक सूचनेवर खात्याने तीस दिवसांत अनुपालन अहवाल द्यायचा, म्हणजे काम करणार असाल तर कधी आणि अंदाजपत्रकातल्या कुठल्या हेडमधून, आणि करणार नसाल तर का नाही. हे "का नाही" फार महत्त्वाचं आहे. मुलांना नकार चालतो हो, मोठ्यांपेक्षा जास्त चालतो, जागा मिळकत व्यवस्थापनाच्या ताब्यात नाही, ती शाळेच्या आरक्षणाची आहे असं कागदावर दिलं तर ती दुसरी जागा शोधून आणतात. "बघू", "पाठपुरावा सुरू आहे" याने मात्र गट मोडतो.

प्रभाग समितीचं पण बघून ठेवा. पुण्यासारख्या महापालिकांना लागू असलेल्या कायद्यात कलम २९-अ खाली प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांतले तीनपर्यंत सदस्य नेमता येतात, बऱ्याच ठिकाणी या जागा एकतर रिकाम्या राहतात किंवा कुणाच्या तरी ओळखीने भरल्या जातात. १८ पूर्ण झालेली, मतदार यादीत नाव असलेली, संस्थेत काम करणारी मुलगी तिथे बसू शकते. पण १५-१६-१७ वर्षांच्या मुलांना तो रस्ता बंदच आहे, मत नाही, निवडणूक लढवायला तर २१ लागतात. आणि खरं बघाल तर अभ्यासिका, मैदान, बस, दवाखाना या सगळ्याची गरज त्याच वयात जास्त असते. म्हणून सल्लागार समितीत या वयाची मुलं निम्मी तरी हवीत, नाहीतर २७-२८ चे होतकरू पदाधिकारी येऊन बसतात. राष्ट्रीय युवा धोरणात तरुण म्हणजे १५ ते २९, त्यामुळे ते नियमात बसतात, पण अकरावीतली मुलगी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आता निवड. कॉलेजकडून नावं मागवली की वक्तृत्व स्पर्धा जिंकणारी मुलं येतात. चांगलीच असतात ती, पण त्यांना महापालिकेच्या अभ्यासिकेची गरज नसते, त्यांच्या घरी टेबल असतं. ज्या सेवेबद्दल विचारायचंय ती वापरणारी किंवा ती हवी असून वापरू न शकणारी मुलं पाहिजेत: आयटीआयतला मुलगा, रात्रशाळेत जाणारा, दिवसा डिलिव्हरी करणारा, नववीत शाळा सुटलेली आणि आईबरोबर कामाला जाणारी मुलगी, व्हीलचेअरवरचा मुलगा, मनपाच्या शाळेतून नुकतीच दहावी झालेली. ही नावं पत्र पाठवून मिळत नाहीत. समाज विकास विभागाकडे समूह संघटिका असतात, त्यांना वस्तीतलं घर न् घर माहीत असतं, त्यांच्याबरोबर फिरा. गणेश मंडळांकडे पण जा, आपल्या शहरांत पोरांची सगळ्यात मोठी संघटना तीच आहे आणि मंडपाची परवानगी, लाइटचं मीटर, पोलीस स्टेशन हे सगळं करून करून त्या मुलांना महापालिका कशी चालते ते बऱ्याच पदवीधरांपेक्षा जास्त कळतं. फक्त मंडळातून मुलीही आल्या पाहिजेत असं आधीच सांगा, नाहीतर बारापैकी बारा मुलगेच येतील.

समिती झाली की पहिल्याच दिवशी "शहराच्या विकासाबद्दल तुमच्या कल्पना सांगा" असं विचारू नका. त्यातून मेट्रो, आयटी पार्क, स्वच्छता आणि व्यसनमुक्ती एवढंच निघतं, कारण मुलांनी भाषणांत तेच ऐकलेलं असतं. एक सेवा घ्या आणि बारीक प्रश्न विचारा. मी अभ्यासिकेचं उदाहरण देते. एका शहरात मनपाची अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी, मुलगे शेवटपर्यंत बसायचे, मुली सातला उठून जायच्या, आणि फाइलवर शेरा होता की मुलींचा प्रतिसाद अल्प. त्यावर उपाय म्हणून मुलींसाठी वेगळी खोली, रंगकाम, नवीन खुर्च्या असा प्रस्ताव चालला होता. आमच्या गटातल्या मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या खुर्च्या ठीक आहेत, बसस्टॉपपासून इथपर्यंत येऊन बघा. मग एका संध्याकाळी गट चालत निघाला, हातात वही, प्रत्येक बंद दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून घेतला, खांबावर तो रंगवलेला असतोच. मधे एका गॅरेजपुढे कायम टोळकं उभं असतं ती जागा, आणि अभ्यासिकेच्या मागच्या बाजूला असलेलं लेडीज टॉयलेट, त्याला आतून कडीच नाही, हे पण लिहिलं. दुसऱ्या दिवशी खांबांची यादी विद्युत विभागाला दिली. नंबर दिले की त्या खात्याला काम करणं सोपं जातं, ते देखभालीच्या चालू कामातच होतं, वेगळी तरतूद लागत नाही. दिवे लागले, कडी बसली, आणि मुली आठ-साडेआठपर्यंत बसायला लागल्या. अभ्यासिकेच्या आतल्या रंगकामाने हे कधीच झालं नसतं. अधिकाऱ्यांना हे माहीत नसणं साहजिक आहे, ते त्या रस्त्याने रात्री आठला चालत जात नाहीत. मुलांकडे असलेली माहिती ती हीच, आणि समितीने तीच बाहेर काढायची आहे.

दुसरं मैदानाचं. बऱ्याच महापालिकांची मैदानं, व्यायामशाळा, हॉल एखाद्या संस्थेला कराराने चालवायला दिलेले असतात. मुलींच्या एका गटाला कबड्डीची प्रॅक्टिस करायची होती, वॉचमन गेटवरून परत पाठवायचा, म्हणायचा हे संस्थेचं आहे. मुली नवीन मैदान मागायला निघाल्या होत्या. मी म्हटलं नवीन मैदान तुमच्या लग्नापर्यंत पण होणार नाही, आधी याचा करार बघू. गटातल्या १८ पूर्ण झालेल्या मुलीच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि झेरॉक्सचे पानामागे दोन रुपये, एवढ्यात कराराची प्रत आली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रोज ठरावीक तास मैदान स्थानिक खेळाडूंना विनाशुल्क ठेवायचं. ही अट कुणी वाचलेलीच नव्हती, ज्या क्षेत्रीय कार्यालयाने लक्ष ठेवायचं त्यांनी पण नाही. मुलींनी मागणी काय केली, तर गेटवर एक बोर्ड लावा, त्यावर मोफत वेळ आणि तक्रारीचा नंबर लिहा. सहायक आयुक्तांनी बैठकीतच सही केली, कारण खर्च फक्त बोर्डाचा होता. त्यानंतर पण भांडणं झालीच, टॉयलेटची किल्ली वॉचमनकडे आणि तो द्यायचा नाही, मग पुढच्या बैठकीत किल्लीचा विषय, असं एकेक करत गेलं. युवक सेवा म्हणजे बहुतेक वेळा अशाच किल्ल्या, वेळा आणि फी असते. नवीन इमारत क्वचितच लागते.

पैशांकडे येते, कारण कधी ना कधी तरतूद लागतेच. अंदाजपत्रकाचं वेळापत्रक समितीतल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ पाहिजे. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, मग मुख्य सभा, ३१ मार्चच्या आत मंजुरी. पण खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आगेमागे लेखा विभागाकडे जातात. म्हणजे समितीने फेब्रुवारीत मागणी केली तर ती भाषणात येते, अंदाजपत्रकाच्या पुस्तकात येत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी पद्धत आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपल्या भागातलं काम सुचवायचं, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पाच लाखात दिवे, बाकडी, फुटपाथची दुरुस्ती, टॉयलेटची दुरुस्ती होते, आणि तरुणांच्या बऱ्याच मागण्या त्याच आकाराच्या असतात. तरी फॉर्म भरणारे बहुतेक सोसायट्यांचे ज्येष्ठ नागरिक असतात, त्यांना वेळ असतो आणि फॉर्म कधी निघतात ते माहीत असतं. तुमच्या शहरात अशी पद्धत असेल तर समितीच्या मुलांनी वस्तीत बसून ते फॉर्म भरून घेणं हे पहिल्या वर्षाचं सगळ्यात चांगलं काम ठरेल. नसेल तर ठरावातच छोटी रक्कम समितीच्या शिफारशीने खर्च करायला बाजूला ठेवून घ्या.

अशी रक्कम मुलांच्या हातात दिली तर ती उधळतील अशी भीती सभागृहात कुणीतरी बोलून दाखवतंच. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये भांडवली कामांतले दहा लाख डॉलर तरुणांच्या मतदानावर सोडले, मतदार १२ ते २५ वयाचे. निवडलं काय, तर उद्यानांची आणि खेळाच्या जागांची दुरुस्ती, शाळांसाठी लॅपटॉप, एका पार्कमध्ये सुरक्षेचे कॅमेरे, कलेसाठी भिंती. अगदी शहाणपणाची यादी आहे. आणि ती तशी झाली कारण मतदानाच्या आधी मुलांच्या गटांनी शहराच्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून प्रत्येक कल्पनेचा खर्च आणि शक्यता तपासली होती. आपल्याकडे याचा अर्थ एवढाच की कनिष्ठ अभियंत्याला बैठकीत बसवा. तो एस्टिमेट कसं काढतात, डीएसआर म्हणजे कामांची सरकारी दरसूची कशी वापरतात, टेंडर आणि वर्क ऑर्डरमध्ये किती वेळ जातो ते पाऊण तासात सांगतो, आणि मुलांच्या मागण्या लगेच नेमक्या होतात. वरिष्ठ अधिकारी पाहुणा म्हणून येऊन जाण्यापेक्षा हा ज्युनिअर इंजिनिअर मला जास्त मोलाचा वाटतो.

चालू योजनांवर पण मुलांना बोलू द्या. पुणे महापालिका दहावीला १५ हजार आणि बारावीला २५ हजार अर्थसहाय्य देते, अट ८० टक्के मार्कांची, मनपा शाळा आणि काही गटांना त्यात सवलत आहे. चांगली योजना आहे, अनेक घरांना आधार झालाय. पण आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारलं की जो नववीत गळला त्याच्यासाठी काय आहे, आणि खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. तसंच किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकचं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयासाठी ही सोय आहे, पण ओपीडीची वेळ शाळा-कॉलेजच्या वेळेशी जुळत नसेल आणि केसपेपर काढताना खिडकीवर सगळ्यांसमोर "काय होतंय" विचारत असतील तर पाळीच्या त्रासाबद्दल किंवा झोप लागत नाही म्हणून कोण जाईल? हे मुलंच सांगू शकतात, त्याचा रिपोर्ट कुठल्या एजन्सीकडून बनवून घ्यायची गरज नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी पटकन. बैठक मंगळवारी अकराला ठेवू नका, शनिवार संध्याकाळ किंवा रविवार, आणि मुख्य इमारतीपेक्षा क्षेत्रीय कार्यालयात. येण्याजाण्याचं भाडं आणि खाणं महापालिकेने द्यावं, रोजंदारी बुडवून येणाऱ्या मुलाला मानधन द्यावं, आणि ते महिन्याच्या महिन्याला बँक खात्यात जावं. १८ खालच्यांचं पालकांकडून लेखी संमतीपत्र घ्या, घरी जाऊन आईशी बोला, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच. व्हॉट्सॅप ग्रुपवर मुलींचे नंबर सगळ्या खात्यांना उघडे करू नका, अधिकाऱ्यांशी बोलणं समन्वयकामार्फत ठेवा, बैठकीला दोन मोठी माणसं कायम हजर हवीत. फोटो विचारून काढायचे, पेपरात द्यायचे असतील तर पुन्हा विचारायचं.

राजकारणाचं काय, हे लोक नेहमी विचारतात. येणारच, नगरसेवकांच्या सभागृहाला सल्ला द्यायचा म्हटल्यावर त्यांना लांब ठेवून कसं चालेल. त्यांना बैठकीला बोलवा, ऐकू द्या, काम झालं तर श्रेयही घेऊ द्या. फक्त दोन गोष्टींना ठाम नाही म्हणा: समितीच्या नावाने कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि मुलांना सभेला गर्दी म्हणून नेणं. हे पहिल्या महिन्यात सगळ्या पक्षांना सारख्या शब्दांत सांगितलं की ते ऐकतात, उशिरा सांगितलं तर एका पक्षाविरुद्ध बोलल्यासारखं होतं. सदस्यत्व दोन वर्षांचं ठेवा आणि निम्मी मुलं दरवर्षी बदला, म्हणजे जुनी मुलं नव्यांना फाइल वाचायला शिकवतात आणि कुणी कायमचा "युवा नेता" होऊन बसत नाही.

तुमच्या बाबतीत कॉलेजांना पत्रं गेलीच आहेत, ती मागे घ्यायला लावू नका, उगाच तोंड वाकडं होईल. निम्म्या जागा त्यांच्याकडून भरू द्या आणि उरलेल्या निम्म्या वस्त्या, आयटीआय, रात्रशाळा आणि मंडळांतून भरायच्या असं आयुक्तांकडून लेखी घ्या. त्याच पत्रात अनुपालन अहवालाचं वाक्य टाकायला सांगा, ठराव होईपर्यंत तेवढ्यावर काम सुरू करता येतं. पहिला विषय अभ्यासिका किंवा मैदान यातला एकच घ्या आणि दिवाळीच्या आधी त्याची मागणी खात्याच्या प्रस्तावात जाईल असं बघा. अनुपालन अहवालाचा साधा तक्ता लागेल, म्हणजे सूचना, खातं, उत्तराची तारीख, उत्तर, पुढची कार्यवाही असे पाच रकाने. तो बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठ्या कागदावर लावा आणि दर बैठकीत मुलांपैकीच कुणीतरी भरायचा. आमच्याकडे तो भरायला लागल्यापासून खात्यांचे लोक बैठकीच्या आदल्या दिवशी स्वतःहून फोन करून विचारतात की आमच्या रकान्यात काय लिहिलंय.